१२०७३ एच का लागत नाही? ट्रान्सपाँडरच्या ओळीतलं एक अक्षर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. उपग्रहाच्या ट्रान्सपाँडरच्या यादीत "१२०७३ एच २७५०० ३/४" अशी ओळ आहे: फ्रिक्वेन्सी, पोलरायझेशनचं अक्षर (एच म्हणजे आडवी लहर, व्ही म्हणजे उभी), सिम्बॉल रेट आणि चूक-दुरुस्तीचं प्रमाण. ती सेट-टॉप बॉक्समध्ये जशीच्या तशी भरली की ताकदीची पट्टी सत्तर टक्क्यांपर्यंत चढते, क्वालिटीची मात्र शून्यावरून हलत नाही. शेजारची "१२०९२ व्ही २७५०० ३/४" भरल्या भरल्या लागते. व्हीचे सगळे चॅनेल स्वच्छ दिसतात, एचचा एकही नाही. तुम्ही १२०७१ पासून १२०७५ पर्यंत एकेक आकडा टाकून पाहिलात, सिम्बॉल रेटही थोडा मागेपुढे केलात. आता तुम्हाला कळत नाहीये की ट्रान्सपाँडर बंद पडलाय, यादी जुनी आहे, की डिश हलली आहे.

बावीस वर्षं डिश बसवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम करतोय, त्यावरून सांगतो: बहुधा तिन्हीपैकी काहीच नाही. एखादा ट्रान्सपाँडर बंद असता तर तो एकटाच गेला असता. यादी जुनी असती तर व्हीमधलेही काही गळाले असते. डिश हलली असती तर दोन्हीकडची क्वालिटी पडली असती. सगळे एच गायब आणि सगळे व्ही शाबूत, असं असलं की पहिला संशय एकाच गोष्टीवर येतो: त्या ओळीतलं "एच" हे अक्षर छतापर्यंत पोचत नाहीये. आकडे फिरवून ते सुटणार नाही, कारण बिघाड आकड्यांत नाहीच. म्हणून आधी त्या ओळीतलं कोणतं काम कुठे होतं ते सांगतो, मग तपासणीकडे येतो.

ट्रान्सपाँडर म्हणजे उपग्रहावरचा एक स्वतंत्र मार्ग. जमिनीवरून वर पाठवलेला सिग्नल तो पकडतो, त्याची फ्रिक्वेन्सी बदलतो, शक्ती वाढवतो आणि परत खाली सोडतो. फ्रिक्वेन्सी बदलावीच लागते, नाहीतर उपग्रहाचं स्वतःचं जोरदार प्रक्षेपण त्याच्याच रिसीव्हरमध्ये शिरेल आणि खालून येणारा नाजूक सिग्नल त्यात बुडून जाईल. केयू बँडमध्ये, म्हणजे घरगुती छोट्या डिशच्या पट्ट्यात, वर जाणारा सिग्नल साधारण १४ किंवा १७-१८ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि खाली येणारा १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झमध्ये. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर थांबलेल्या एका उपग्रहावर असे अनेक ट्रान्सपाँडर असतात. प्रत्येकाला २७, ३३, ३६, ५४ किंवा ७२ मेगाहर्ट्झ अशी काहीतरी रुंदी असते. यादीतला १२०७३ हा त्या रुंदीचा मध्य आहे, मेगाहर्ट्झमध्ये.

हा आकडा असा विचित्र का, हे एकदा समजून घ्या, कारण त्यातच पोलरायझेशनची सगळी गरज दडली आहे. १९७७ मध्ये जिनिव्हाला झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेत युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियासाठी उपग्रह प्रक्षेपणाच्या चॅनेलांची आखणी झाली (इथे चॅनेल म्हणजे फ्रिक्वेन्सीचा तुकडा, टीव्हीवरचा चॅनेल नव्हे). पहिल्या चॅनेलचा मध्य ११७२७.४८ मेगाहर्ट्झ, आणि पुढचा प्रत्येक चॅनेल १९.१८ मेगाहर्ट्झने वर. म्हणजे ११७२७.४८, मग ११७४६.६६, मग ११७६५.८४. असं मोजत गेलात की एकोणिसावा येतो १२०७२.७२ वर आणि विसावा १२०९१.९० वर. तुमच्या यादीतले १२०७३ आणि १२०९२ ते हेच, जवळच्या पूर्णांकात लिहिलेले.

आता एक गोष्ट खटकायला हवी. त्या आखणीत प्रत्येक चॅनेलची रुंदी २७ मेगाहर्ट्झ धरली होती आणि अंतर मात्र १९.१८. सत्तावीस रुंदीच्या वस्तू एकोणीसच्या अंतरावर ठेवल्या तर त्या एकमेकींवर चढणारच. आजचा २७५०० सिम्बॉल रेटचा कॅरियर, म्हणजे एका ट्रान्सपाँडरवरून येणारा सिग्नल, तर कडेपासून कडेपर्यंत धरला तर ३७ मेगाहर्ट्झ भरतो. तरीही हे चालतं, कारण शेजारच्या चॅनेलांचं पोलरायझेशन वेगळं ठेवतात. एक आडवा, पुढचा उभा, त्याच्या पुढचा पुन्हा आडवा. फक्त उभ्या चॅनेलांकडे पाहिलं तर त्यांच्यात ३८.३६ मेगाहर्ट्झचं अंतर पडतं आणि ते सुखाने मावतात. आडव्यांचंही तसंच. तेवढ्याच पट्ट्यात दुप्पट चॅनेल बसतात.

पोलरायझेशन म्हणजे लहरीतलं विद्युत क्षेत्र कोणत्या दिशेने हेलकावतंय ते. उभं असेल तर व्ही, आडवं असेल तर एच. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा हे एलएनबी, म्हणजे डिशच्या समोर दांड्यावर बसवलेला सिग्नल पकडणारा डबा, उघडून पाहिल्यावर जास्त कळतं. एखादा निकामी एलएनबी हाताशी असेल तर त्याच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं टोपण काढा. आत धातूची गोल नळी दिसेल आणि नळीच्या भिंतीतून आत डोकावणाऱ्या दोन बारीक पिना, एकमेकींशी काटकोनात. बोटाच्या पेरापेक्षा लहान. उभी पिन उभ्या लहरीने थरारते, आडवीला त्या लहरीची जवळजवळ जाणीवही होत नाही. एचच्या लहरीला नेमकं उलट. म्हणजे वरून येणारे दोन्ही सिग्नल सतत, एकाच वेळी, दोन पिनांवर हजर असतात. प्रश्न फक्त कोणत्या पिनेवरचा सिग्नल केबलमध्ये सोडायचा एवढाच. आणि तो निर्णय बॉक्स करत नाही, एलएनबी करतो. बॉक्स फक्त हुकूम देतो.

हुकूम कसा जातो? ज्या केबलमधून सिग्नल खाली येतो तिच्यातूनच वीज वर जाते. बॉक्स १३ व्होल्ट देतो तेव्हा एलएनबी उभी पिन चालू ठेवतो, १८ व्होल्ट देतो तेव्हा आडवी. बस. "एच" या अक्षराचा तुमच्या घरातला सगळा अर्थ एवढाच आहे: केबलवर १८ व्होल्ट. एलएनबी मधोमध, साधारण १५ व्होल्टच्या आसपास रेघ ओढून बसलेला असतो. तिच्या खाली जे येईल ते व्ही, वर जे येईल ते एच. छताच्या टोकाला १८ ऐवजी साडेचौदा पोचले तर तो निमूटपणे व्ही देत राहतो. कुठलीही तक्रार नाही, कुठलाही संदेश नाही.

फ्रिक्वेन्सीचंही अर्धं काम वरच होतं. १२ गिगाहर्ट्झचा सिग्नल साध्या केबलमधून काही मीटरांतच विरून जाईल, म्हणून एलएनबी त्यातून एक ठरलेली फ्रिक्वेन्सी वजा करतो आणि ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये आणून खाली पाठवतो. या वजा होणाऱ्या आकड्याला एलओ म्हणतात, लोकल ऑसिलेटर. युनिव्हर्सल एलएनबीत ते दोन असतात: ११७०० च्या खालच्या पट्ट्यासाठी ९७५० आणि वरच्यासाठी १०६००. दुसरा हवा असेल तेव्हा बॉक्स त्याच केबलवर २२ किलोहर्ट्झचा बारीक टोन चढवतो. तुमचा १२०९२ मधून १०६०० गेले की केबलमध्ये उरतात १४९२ मेगाहर्ट्झ. १२०७३ चे उरतात १४७३. बॉक्सचा ट्यूनर प्रत्यक्षात हेच आकडे लावतो, बाराहजारी आकडा त्याने कधी पाहिलेलाच नसतो.

म्हणून केबलमधल्या त्याच १४७३ मेगाहर्ट्झवर चार वेगवेगळ्या गोष्टी येऊ शकतात: वरच्या पट्ट्यातला एच, वरच्याच पट्ट्यातला व्ही, खालच्या पट्ट्यातला एच आणि खालचा व्ही. व्होल्टेज आणि टोन मिळून चारांतली एक निवडतात. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे बिघाड घरात बसून ओळखता येतात.

आता तुमच्या बाबतीत काय घडतंय ते पाहा. तुम्ही १२०७३ एच भरलंत. बॉक्सने १८ व्होल्ट दिले, पण समजा वर पुरेसे पोचले नाहीत आणि एलएनबी व्हीवरच राहिला. ट्यूनर १४७३ वर जाऊन बसला. व्हीच्या बाजूला तिथे काय आहे? एक कॅरियर १२०५४ ला मध्य ठेवून आहे, दुसरा १२०९२ ला. प्रत्येक ३७ मेगाहर्ट्झ रुंद, म्हणजे मध्यापासून साडेअठरा मेगाहर्ट्झ इकडे आणि तेवढाच तिकडे. पहिला १२०७२ च्या आसपास संपतो, दुसरा १२०७३ ओलांडला की सुरू होतो. तुमचा ट्यूनर दोघांच्या मधल्या घळीत उभा आहे. दोन्ही बाजूंची ऊर्जा जाणवते म्हणून ताकद सत्तर टक्के, पण पकडण्यासारखा कॅरियर समोर नाही म्हणून क्वालिटी शून्य. एक-दोन मेगाहर्ट्झ सरकून घळीतून बाहेर पडता येत नाही. तुमची सगळी फिरवाफिरव का वाया गेली त्याचं कारण हे.

ताकदीच्या पट्टीबद्दल इथेच सांगतो. ती केबलमध्ये किती ऊर्जा आहे ते दाखवते, मग ती कुणाचीही असो. एलएनबी आकाशातला गोंगाटसुद्धा वाढवून पाठवतो. डिश भलत्या दिशेला असतानाही ताकद पन्नास-साठ दिसलेली मी पाहिली आहे. विश्वास फक्त क्वालिटीवर ठेवा.

पहिली चाचणी त्यातूनच निघते आणि तिला एकही साधन लागत नाही. बॉक्समध्ये मुद्दाम चुकीची ओळ भरा: १२०९२, पण व्हीऐवजी एच. जर क्वालिटी चढली आणि व्हीचेच चॅनेल एचच्या नावाखाली सापडले, तर निकाल लागला. बॉक्स एच मागतोय आणि एलएनबी व्ही देतोय. बिघाड व्होल्टेजचा आहे, बॉक्सपासून एलएनबीपर्यंत कुठेतरी. ब्लाइंड स्कॅन (यादी न देता बॉक्सला सगळा पट्टा धुंडाळायला लावणं) करून तेच चॅनेल व्ही आणि एच अशा दोन्ही नावांनी दोनदा सापडले तरी अर्थ तोच.

आणि १२०९२ एचवर काहीच लागलं नाही तर? मग एलएनबी बहुधा एचकडे वळतोय, पण तिथून काही मिळत नाही. हे दोन रस्ते पूर्ण वेगळे आहेत, म्हणून ही चाचणी सोडू नका.

पहिल्या रस्त्यावर असाल तर आधी मेनू पाहा. "पोलॅरिटी" किंवा "एलएनबी पॉवर" अशा नावाची सोय असते. तिथे ऑटो किंवा १३/१८ हवं, नुसतं १३ किंवा बंद नको. त्यानंतर वाटेतल्या वस्तू: स्प्लिटर (एका केबलच्या दोन वाटा करणारा), स्विच, जोड दिलेली केबल. एका एलएनबीच्या एकाच तोंडावर स्प्लिटर लावून दोन बॉक्स चालवत असाल तर तिथेच थांबा. बऱ्याच स्प्लिटरमध्ये वीज एकाच बाजूने वर जाते. दुसऱ्या बाजूच्या बॉक्सला सिग्नल मिळतो, हुकूम देता येत नाही. मी एका घरी दोनदा गेलो होतो, तक्रार अशी की एचचे चॅनेल आपोआप येतात आणि जातात. दुसऱ्या भेटीत लक्षात आलं की आतल्या खोलीत कुणी एचचा चॅनेल लावला की बाहेरच्या खोलीतही एच येतात, आतल्याने व्ही लावला की बाहेरचे जातात. बाहेरचा बॉक्स वर काहीच सांगू शकत नव्हता. दोन्ही बाजूंनी वीज जाणारा स्प्लिटर असला तरी सुटका नाही, तिथे जास्त व्होल्टेजवाला जिंकतो आणि दुसऱ्याचे व्ही जातात. दोन बॉक्सना दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र केबल हव्यात. बॉक्सच्या मागच्या लूप तोंडातून दुसरा बॉक्स जोडला असेल तरी हाच घोटाळा होतो.

मध्ये काही नसेल तर केबल. हिशोब सोपा आहे. एलएनबी २०० मिलिअँपिअर ओढत असेल आणि केबलच्या जाण्यायेण्याचा मिळून रोध १५ ओहम असेल तर वाटेत ३ व्होल्ट जातात. अठराचे पंधरा होतात, म्हणजे बरोबर त्या रेघेवर. तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेच्या लांब केबलला आणि गंजलेल्या कनेक्टरना एवढा रोध जमवणं कठीण नाही. १३ मधून तेवढेच गेले तरी एलएनबी बऱ्याचदा कसाबसा चालतो आणि व्हीच देतो, म्हणून व्हीवाल्यांना काही कळतच नाही.

मोजताना लोक एक चूक हमखास करतात. केबल एलएनबीपासून सोडवतात, मल्टिमीटरची एक टोचणी मधल्या तारेला आणि दुसरी कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला लावतात, १७.८ व्होल्ट दिसतात आणि "केबल ठीक आहे" म्हणून खाली उतरतात. एलएनबी जोडलेला नसताना करंट वाहत नाही आणि करंट नसला की व्होल्टेज पडतच नाही. एलएनबी जोडलेला ठेवून, मध्ये वीज जाऊ देणारा एखादा जोड घालून मोजा. एका छतावर मी असंच मोजलं तेव्हा मोकळं १७.८ आणि जोडून १४.६ निघालं होतं. कनेक्टर उघडला तर आत पांढरी भुकटी आणि हिरवा थर, मधली तार नखाने खरवडावी लागली. कापून नवा कनेक्टर बसवला, वरून पाणी शिरणार नाही असा गुंडाळला, आणि सगळे एच परत आले. डिशला हातही लावला नव्हता.

मीटर नसेल तर बॉक्स आणि छोटा टीव्ही छतावर न्या आणि मीटरभर नव्या केबलने थेट एलएनबीला जोडा. एच लागले तर दोष केबलचा. तरीही नाही लागले तर बॉक्सच १८ व्होल्ट देत नाही किंवा एलएनबी ते ओळखत नाही, दुसरा बॉक्स लावून ते वेगळं करता येतं. कनेक्टरला हात लावण्याआधी बॉक्सचा प्लग काढा. जाळीची एक तार जरी मधल्या तारेला टेकली तरी शॉर्ट होतो.

आता दुसरा रस्ता, म्हणजे १२०९२ एचवर काहीच लागत नाही. इथे मला आवडणारी चाचणी आहे. एलएनबीच्या मानेवर आणि त्याच्या पकडीवर पेन्सिलने एक सलग खूण करा, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. मग पकड ढिली करून एलएनबी बरोबर ९० अंश फिरवा. आता जी पिन उभी होती ती आडवी झाली. बॉक्समध्ये १२०७३ भरा, पण अक्षर व्ही. १३ व्होल्टवर चालणारी, धडधाकट असलेली तीच पिन आता एचच्या लहरी पकडतेय. लागला, तर ट्रान्सपाँडर जिवंत आहे, तुमच्याकडे त्याचा सिग्नल पोचतोय, डिश ठीक आहे, आणि एलएनबीच्या आतली दुसरी बाजू मेली आहे. एलएनबी बदला. यात दुरुस्तीच्या मागे लागू नका, आतला ट्रान्झिस्टर बदलून मूळची नेमकी जुळणी परत येत नाही.

लागला नाही, तरच उपग्रहाकडे बोट दाखवा. एकाच उपग्रहाचे झोत वेगवेगळ्या प्रदेशांवर रोखलेले असतात, आणि एचचे ट्रान्सपाँडर ज्या झोतावर आहेत तो तुमच्याकडे पडतच नसेल असं होऊ शकतं. यादी तर सगळ्या झोतांची एकत्रच छापतात. दुसरी शक्यता बॉक्सची. डीव्हीबी-एस२ हा प्रक्षेपणाचा नवा प्रकार २००५ पासून आला, आणि जुन्या डीव्हीबी-एस बॉक्सला तो वाचता येत नाही. ताकद दिसते, क्वालिटी शून्य. पण मग नेमके सगळेच एच एस२ असायला हवेत, आणि तसं सहसा नसतं.

एलएनबीच्या फिरकीचा, ज्याला आम्ही स्क्यू म्हणतो, प्रश्न इथे येतोच. स्क्यू थोडा चुकला तर दोन्ही बाजू सारख्याच बिघडतात, म्हणून तुमच्या मुख्य तक्रारीचं ते कारण नसावं. पण तुम्ही एलएनबी सोडवणारच आहात, तर तो परत कसा बसवायचा हे कळायला हवं. उपग्रह बरोबर तुमच्याच रेखांशावर असेल तर त्याचं उभं ते तुमचं उभं. तो पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचं उभं तुम्हाला कलतं दिसतं. हा कोन रेखांशातल्या फरकावर आणि तुमच्या अक्षांशावर ठरतो: फरकाचा साइन भागिले अक्षांशाचा टॅन, हा झाला कोनाचा टॅन. २० अंश अक्षांशावर १० अंशांचा फरक असेल तर कोन जवळजवळ साडेपंचवीस अंश. तोच फरक ५० अंश अक्षांशावर फक्त आठच्या थोडा वर. म्हणून कुणी "मी एलएनबी सरळ लावतो, मला चालतं" म्हणालं तर त्याची जागा आणि तुमची जागा एक नाही हे ध्यानात घ्या. उत्तर गोलार्धात डिशच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे तोंड केलं, तर पश्चिमेकडच्या उपग्रहासाठी एलएनबी घड्याळाच्या दिशेने फिरतो, पूर्वेकडच्यासाठी उलट. काही उपग्रह स्वतःचंच पोलरायझेशन थोडं कलतं ठेवतात, तेवढी भर वेगळी.

आता हाताची पद्धत. हवा असलेला सिग्नल फिरकीच्या शिखरापाशी फारच सपाट असतो. १० अंश चुकलात तरी त्याची घट जेमतेम ०.१३ डेसिबल. मीटरच्या काट्याला कळणारही नाही. पण नको असलेला दुसऱ्या पोलरायझेशनचा सिग्नल तेवढ्यात फक्त १५ डेसिबल खाली उरतो. ५ अंशांना तो २१ डेसिबल खाली असतो, १ अंशाला ३५. म्हणजे चूक हव्या सिग्नलमध्ये दिसत नाही, नको त्यात दिसते. म्हणून शिखर शोधत बसू नका. एखादा अशक्त ट्रान्सपाँडर लावा, एलएनबी एका दिशेने क्वालिटी कोसळेपर्यंत हळूहळू फिरवा, खूण करा. मग उलट दिशेने कोसळेपर्यंत फिरवा, खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये एलएनबी घट्ट करा. इतकी वर्षं झाली, अजूनही मी असंच करतो.

एवढं सगळं लिहिताना तुमच्याकडे उभं-आडवं, म्हणजे लीनिअर पोलरायझेशन आहे असं धरलंय. काही उपग्रह वर्तुळाकार पोलरायझेशन वापरतात, त्यात लहर फिरत येते, उजवीकडे किंवा डावीकडे. यादीत व्ही-एचऐवजी आर-एल लिहिलेलं असतं आणि १३ व्होल्ट म्हणजे उजवं, १८ म्हणजे डावं. तिथे स्क्यूची भानगड नाही, एलएनबी कसाही फिरवा, म्हणून माझी ९० अंशांची चाचणीही तिथे निरुपयोगी. पण एलएनबी त्याच जातीचा हवा. साध्या लीनिअर एलएनबीने वर्तुळाकार सिग्नल घेतलात तर अर्धी शक्ती जाते, म्हणजे ३ डेसिबल, आणि त्याहून वाईट म्हणजे उजवं-डावं दोन्ही प्रत्येक पिनेवर सारख्याच जोराने येतात. वर सांगितलेले एकमेकांवर चढणारे शेजारी मग खरोखरच एकमेकांवर चढतात. सी बँडच्या (४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, मोठ्या डिशच्या पट्ट्याच्या) फीडमध्ये यासाठी टेफ्लॉनची पट्टी दोन्ही पिनांशी ४५ अंशात घालतात. सी बँडमध्ये आणखी एक फरक: तिथला एलओ ५१५० सिग्नलच्या वर असतो, म्हणून वजाबाकी उलटी. ४००० चे केबलमध्ये ११५० होतात, आणि वरची फ्रिक्वेन्सी केबलमध्ये खाली येते.

ओळीतल्या उरलेल्या दोन गोष्टी झटपट. २७५०० म्हणजे सेकंदाला २ कोटी ७५ लाख सिम्बॉल. साध्या डीव्हीबी-एसमध्ये प्रत्येक सिम्बॉलमध्ये दोन बिट, म्हणजे ५५ मेगाबिट. ३/४ म्हणजे दर चार बिटांतले तीन कामाचे, चौथा चुका दुरुस्त करायला. वरून आणखी एका दुरुस्तीचा वाटा गेला की हाती येतात ३८ मेगाबिट, त्यात त्या ट्रान्सपाँडरचे सगळे चॅनेल. ३/४ बहुतेक बॉक्स आपोआप ओळखतात, सिम्बॉल रेट मात्र बरोबर द्या. फ्रिक्वेन्सीत एक-दोन मेगाहर्ट्झ इकडेतिकडे झालं तर रुंद कॅरियरला काही होत नाही, कारण साध्या एलएनबीचा एलओ स्वतःच ऊनथंडीने तेवढा सरकतो आणि बॉक्स तेवढा शोध घेतोच. दोन-तीन हजार सिम्बॉल रेटच्या अरुंद कॅरियरना मात्र हे सरकणं भोवतं, तिथे पीएलएल एलएनबी, म्हणजे ज्याचा एलओ फारसा सरकत नाही असा, घ्यावा.

टोनबद्दल तुमच्यापुरतं उत्तर आधीच मिळालंय. एलएनबी युनिव्हर्सल असेल तर १२०९२ व्ही लागतोय याचा अर्थ २२ किलोहर्ट्झ वर पोचतोय. तो पोचत नसता तर १४९२ वर तुम्हाला ११२४२ चा माल मिळाला असता, कारण दोन एलओंमध्ये ८५० चा फरक आहे. स्कॅनमध्ये कधी यादीत नसलेली फ्रिक्वेन्सी सापडली तर तिच्यात ८५० मिळवून किंवा वजा करून पाहा, पुष्कळदा ओळखीचा आकडा निघतो. पण एलएनबीवर १०६०० किंवा १०७५० असा एकच एलओ छापलेला असेल तर टोनचा संबंधच नाही, आणि १०७५० असेल तर मेनूतही तोच भरलेला हवा.

तेव्हा आधी मेनू, मग १२०९२ एच. त्यावर व्हीचे चॅनेल लागले तर स्प्लिटर, कनेक्टर, केबल याच क्रमाने. नाही लागले तर पेन्सिलची खूण करून ९० अंश आणि १२०७३ व्ही. या दोन चाचण्यांत काय दिसलं, एलएनबीवर एलओ किती छापलाय, केबल अंदाजे किती मीटर आहे आणि बॉक्सपासून एलएनबीपर्यंत मध्ये काय काय जोडलंय, एवढं लिहून पाठवा. उपग्रह कोणता आणि तुमचा अक्षांश-रेखांश अंदाजे किती हेही लिहिलंत, तर स्क्यूचा कोन मी काढून देतो.